फिशटँकच्या फिल्टरमध्ये काय भरायचं आणि काय नाही

नवीन टँक आणला की मासे कुठले, झाडं कुठली, लाईट कसा यावर आपण दिवसेंदिवस डोकं लावतो आणि फिल्टरच्या आत काय भरायचं हा प्रश्न अगदी शेवटी येतो, तोवर उत्साह एवढा असतो की हाताशी येईल ते कोंबून फिल्टर चालू करतो. मी पण तेच केलं होतं. फिल्टरसोबत आलेला स्पंज फाटला होता म्हणून भांडी घासायचा कोरा करकरीत स्पंज कापून बसवला, एकदा नळाखाली धुतला होता, दिसायला स्वच्छ होता. दोन-अडीच तासांनी बघतो तर सगळे गप्पी वर, पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावून, कल्ले भराभर हलतायत. लगेच दुसऱ्या पाण्यात काढले तरी सहातले चार गेले. मग तो स्पंज काचेच्या बरणीत पाणी घेऊन पिळला आणि बरणी हलवली, तर वर दोन बोटं फेस आला आणि दहा मिनिटं झाली तरी तो बसायचं नाव घेईना. तेच पाणी ते मासे दोन तास कल्ल्यांतून घेत होते.

तेव्हापासून फिल्टरमध्ये जाणारी प्रत्येक वस्तू मी आधी बादलीत ठेवून बघतो. पाकिटावर काय लिहिलंय त्यापेक्षा ती वस्तू पाण्यात काय सोडते हे महत्त्वाचं, आणि ते घरच्या घरी बघता येतं. खाली सगळं क्रमाने लिहितोय, पहिल्यांदाच टँक लावणाऱ्यांसाठी.

आधी हे समजून घ्या

फिल्टर मीडिया म्हणजे फिल्टरच्या आत जे काही भरलेलं असतं ते सगळं. स्पंज, पांढरा कापसासारखा वूल, सिरॅमिकच्या नळ्या, कोळसा, प्लास्टिकचे गोळे. कामं तीनच, घाण अडवायची, बॅक्टेरियाला राहायला जागा द्यायची, आणि पाण्यात विरघळलेली एखादी गोष्ट शोषून घ्यायची. यातलं मधलं काम सगळ्यात मोठं आहे आणि नेमकं तेच डोळ्यांना दिसत नाही.

मासे कल्ल्यांतून सतत ॲमोनिया सोडत असतात, उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजली की त्यातून पण येतो. एक प्रकारचे सूक्ष्मजीव त्या ॲमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट बरंच कमी त्रासदायक असतं, ते आपण पाणी बदलून काढून टाकतो, झाडं पण थोडं खातात. ॲमोनियाने कल्ले भाजल्यासारखे होतात आणि नायट्राइट रक्तात गेलं की रक्ताला ऑक्सिजन वाहता येत नाही, म्हणजे पाण्यात ऑक्सिजन भरपूर असून मासा गुदमरतो. हे काम करणारे बॅक्टेरिया पाण्यात फारसे तरंगत नसतात, ते कशाला तरी चिकटून पातळ बुळबुळीत थर करून राहतात. आधी बरीच वर्षं सगळे धरून चालले होते की नायट्राइटचं काम नायट्रोबॅक्टर नावाचे बॅक्टेरिया करतात, मग १९९८ साली टिमोथी होवानेक या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की गोड्या पाण्याच्या टँकमध्ये ते काम नायट्रोस्पिरासारखे बॅक्टेरिया करतायत. नाव काही असो, आपल्या कामाचं एवढंच की ते फार सावकाश वाढतात, दुप्पट व्हायला साधारण दिवसभर लागतो, आणि त्यांना वाहतं, ऑक्सिजन असलेलं पाणी लागतं.

म्हणून सुरक्षित मीडिया म्हणताना मी तीन गोष्टी बघतो. तो पाण्यात स्वतःचं काही सोडत नाही ना, बॅक्टेरियाला मारत नाही ना, आणि वर्षभर पाण्यात राहून कुजत-विरघळत नाही ना. चौथी गोष्ट थोडी वेगळी आहे, तो पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली) आणि कडकपणा (त्यात चुन्यासारखे क्षार किती विरघळलेत) बदलतो का. कारण ॲमोनिया किती विषारी हे पीएचवर ठरतं, २५ डिग्रीच्या पाण्यात पीएच ७ असेल तर एकूण ॲमोनियातला अर्धा टक्का किंवा जरा जास्त एवढाच विषारी रूपात असतो, पीएच ८ झाला की तोच ५ टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे मीडियाने गुपचूप पीएच वर ढकलला तर तेवढाच ॲमोनिया जवळपास दहापट घातक होतो, आणि आपण शोधत बसतो की मासे का मरतायत.

पायरी १: मासे आणि फिल्टर कुठला ते आधी नक्की करा

मीडिया त्यावरून ठरतो. टेट्रा, डिस्कस, रासबोरा असे मऊ पाण्यातले मासे ठेवणार असाल तर चुन्याचा अंश असलेलं काहीही फिल्टरमध्ये नको. मलावी किंवा टांगानिका सरोवरातले सिक्लिड ठेवणार असाल तर तोच चुना कामाचा, पोवळ्याचा चुरा त्यांच्या फिल्टरमध्ये मुद्दाम घालतात. कोळंबी म्हणजे श्रिम्प ठेवायच्या असतील तर तांब्याबद्दल डोळ्यांत तेल घालून बघायचं, पुढे लिहिलंय. फायटर किंवा छोटी पिल्लं असतील तर हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर सगळ्यात बरा, त्यात दुसरा मीडिया लागतच नाही.

फिल्टर उघडून एकदा बघा की पाणी कुठून शिरतं आणि कुठून बाहेर पडतं. टँकच्या बाहेर ठेवायच्या बंद डब्यासारख्या फिल्टरमध्ये, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, बहुतेक वेळा पाणी खालून वर जातं, टॉप फिल्टरमध्ये वरून खाली. हे पुढे मीडिया रचताना लागणार आहे.

पायरी २: मीडिया निवडा

स्पंजपासून सुरुवात करतो कारण माझ्या मते नवीन माणसाला स्पंज आणि थोडा वूल एवढं पुरतं, बाकी सगळं नंतरचं. चांगला स्पंज घाण पण अडवतो आणि बॅक्टेरियाला जागा पण देतो, धुतला की परत तसाच, वर्षानुवर्षं चालतो. फिल्टरचे स्पंज पॉलियुरेथेनचे असतात आणि त्यात पण दोन जाती, पॉलिइथर आणि पॉलिएस्टर. सतत पाण्यात राहायचं असेल तर पॉलिइथरवाला घ्या, पॉलिएस्टरवाला पाण्यात हळूहळू ठिसूळ होऊन त्याचे तुकडे पडायला लागतात. स्पंज जाड की बारीक हे पीपीआयमध्ये सांगतात, म्हणजे एका इंचात छिद्रं किती. २० च्या आसपासचा जाड, ३० मधला, ४५ च्या पुढे बारीक. नवीन लोकांना वाटतं बारीक म्हणजे पाणी जास्त स्वच्छ, पण बारीक स्पंज आठवड्यात तुंबतो, पाण्याचा प्रवाह मंदावतो आणि आतल्या बॅक्टेरियाला ऑक्सिजन मिळत नाही. २० ते ३० च्या मधला घ्या आणि निर्धास्त राहा. श्रिम्प किंवा पिल्लं असतील तर फिल्टरच्या तोंडावर एक बारीक स्पंजाची टोपी चढवा म्हणजे ती आत ओढली जाणार नाहीत.

स्पंज निवडताना हातात घेऊन बघायची गोष्ट म्हणजे त्यातून फुंकर आरपार जाते का. चांगल्या फिल्टर स्पंजमधून सहज जाते कारण त्याची छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात. गादीच्या किंवा पॅकिंगच्या फोममध्ये बरीच छिद्रं बंद असतात, फुंकर अडते. तसा फोम पाणी पण तसंच अडवणार, वर गादी-सोफ्याच्या फोममध्ये आग लागू नये म्हणून रसायनं घातलेली असू शकतात. तो नकोच.

भांडी घासायचा स्पंज, त्याचं सांगितलंच. काहींवर बुरशी आणि बॅक्टेरिया मारायचं रसायन लावलेलं असतं, काहींत साबण आधीच मुरवलेला असतो, काही सेल्युलोजचे असतात म्हणजे लाकडाच्या लगद्याचे, ते टँकमध्ये काही आठवड्यांत कुजून लिबलिबीत होतात. जे रसायन वास येऊ नये म्हणून बॅक्टेरिया मारतं तेच आपले बॅक्टेरिया पण मारणार, त्यामुळे "अँटीबॅक्टेरियल", "बुरशीरोधक", "गंधरोधक" यातला एक शब्द जरी दिसला तरी वस्तू जागेवर ठेवून द्या.

पांढरा वूल. हा शंभर टक्के पॉलिएस्टर असतो, उशीत भरतात तसलाच, आणि उशीतला वापरून लोक पैसे वाचवतात पण, ते चालतं, फक्त त्यावर आगरोधक किंवा बुरशीरोधक प्रक्रिया केलेली नको आणि नवा कोरा हवा, वापरलेल्या उशीतला नाही. खरा कापूस मात्र घालू नका, तो कुजतो. वूल बारीक गाळ अडवतो म्हणून पाणी काचेसारखं दिसतं, पण तो लवकर तुंबतो, त्यामुळे तो फेकायचीच वस्तू समजा. बॅक्टेरियाचं घर त्यात करायचं नाही.

सिरॅमिक रिंग्ज, भाजलेल्या काचेचे सच्छिद्र तुकडे, लाव्हा रॉक आणि प्युमिस (दोन्ही ज्वालामुखीचे सच्छिद्र दगड), मातीचे भाजलेले गोळे. हे सगळे बॅक्टेरियासाठी. पाकिटांवर पृष्ठभागाचे मोठमोठे आकडे लिहिलेले असतात, त्यात फार अडकू नका, कारण छिद्र खूप बारीक असलं की त्यात पाणी वाहत नाही, थोड्या दिवसांत ते गाळाने बुजतं आणि मग वापरात येतो तो बाहेरचाच भाग. लाव्हा रॉक मला आवडतो, खडबडीत असतो, टिकतो, कुजायचा प्रश्नच नाही, फक्त त्याची धूळ आणि वाळू खूप निघते, पाच-सहा पाण्यांतून तरी खळखळून धुवावा लागतो आणि टोकं धारदार असतात म्हणून माशांना लागेल अशा जागी नको, फिल्टरच्या आतच. कुंडीचे तुकडे करून पण वापरता येतात, साधी भाजलेली लाल माती असेल तर, पण झिलई केलेली, रंगवलेली कुंडी नको, झिलईत शिसं किंवा कॅडमियम असू शकतं. विटेचे तुकडे घेणार असाल तर त्यांना सिमेंट लागलेलं नाही ना ते बघा, सिमेंटमधला चुना पाण्यात उतरत राहतो. आणि धोंडे निर्जंतुक करायचे म्हणून गॅसवर किंवा ओव्हनमध्ये तापवू नका, आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन दगड फुटू शकतो, हा धोका तुम्हाला आहे, माशांना नाही.

प्लास्टिक मीडिया पण चालतो. बायो बॉल्स मुळात वरून पाणी ठिबकतं अशा फिल्टरसाठी आहेत, तिथे ते छान काम करतात, पूर्ण पाण्यात बुडवले तर जागेच्या मानाने फायदा कमी. के-१ नावाची छोटी प्लास्टिकची चाकं असतात, नॉर्वेत सांडपाणी शुद्ध करायला काढलेलं तंत्र आहे हे, ती पाण्यात हवेच्या बुडबुड्यांनी सतत गरगरत ठेवायची असतात. घरचंच प्लास्टिक कापून वापरायचं असेल तर खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठी बनवलेलं, तळाशी त्रिकोणात २ किंवा ५ आकडा असलेलं घ्या, म्हणजे एचडीपीई किंवा पॉलीप्रॉपिलीन, नवं आणि बिनछपाईचं. मऊ, वास येणारं पीव्हीसी नको, त्याला मऊ करायला घातलेली द्रव्यं पाण्यात उतरतात. साधी प्लास्टिकची जाळीदार घासणी, जिच्यात साबण नाही, तार नाही आणि रंग जात नाही, ती पण उत्तम बायो मीडिया आहे, कितीतरी मोठे टँक निव्वळ त्यावर चालतात.

आता कोळसा, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बन. याचा बराच गैरसमज आहे. तो ॲमोनिया काढत नाही, नायट्रेट काढत नाही. तो पाण्याचा पिवळेपणा, वास आणि औषधांचा उरलेला अंश काढतो आणि त्यात तो खरंच चांगला आहे, एका ग्रॅममध्ये ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त पृष्ठभाग असतो त्याच्या आत. पण ती छिद्रं एवढी बारीक असतात की बॅक्टेरिया त्यात शिरूच शकत नाही, त्यामुळे त्या आकड्यावरून त्याला बायो मीडिया समजू नका. ३-४ आठवड्यांत त्याची ताकद संपते, मग फेकायचा. माशांना औषध देताना कार्बन आधी काढा नाहीतर औषध तोच पिऊन टाकेल. आणि शेगडीचा, बार्बेक्यूचा कोळसा म्हणजे हा नव्हे, त्यात पेटवायचं द्रव किंवा इतर काही मिसळलेलं असू शकतं. रोजच्या टँकमध्ये कार्बन लागतच नाही असं माझं मत आहे, एक पाकीट कोरडं ठेवून द्या, औषधाचा कोर्स संपला की वापरा.

झिओलाइट दिसायला पांढुरके खडे, हे मात्र ॲमोनिया पकडतात. नवीन टँकमध्ये ॲमोनिया अचानक वाढला तर तात्पुरती मदत होते. पण एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, मिठाच्या पाण्यात झिओलाइट पकडलेला ॲमोनिया परत सोडून देतो, त्याला पुन्हा ताजंतवानं करायला मिठाच्या पाण्यातच भिजवतात. म्हणजे माशाला बरं नाही म्हणून टँकमध्ये मीठ टाकलं आणि फिल्टरमध्ये महिन्याभराचा झिओलाइट बसलेला असेल तर तो सगळा ॲमोनिया एकदम आजारी माशाच्या अंगावर येतो.

पायरी ३: या गोष्टी कधीच नाही

तांब्याची, पितळेची किंवा जस्त चढवलेली कुठलीही वस्तू. घासणीची तार, मीडिया बांधायला घेतलेली वायर, जाळीच्या पिशवीची धातूची चेन, पत्र्याचा क्लिप, हे सगळं यात आलं. श्रिम्प आणि गोगलगायी अगदी थोड्या तांब्याने मरतात, मासे थोडं सहन करतात एवढंच. मीडिया भरायला नायलॉनची जाळीची पिशवी घ्या, प्लास्टिकची चेन असलेली, किंवा जुने नायलॉनचे लांब मोजे, बिनसाबणाच्या गरम पाण्यात नीट धुऊन. बांधायला मासे पकडायचा नायलॉनचा दोरा किंवा प्लास्टिकचा टाय.

बाकी यादी पटकन सांगतो. स्टीलवूल गंजतो. संगमरवराचे तुकडे, शिंपले, पोवळी मऊ पाण्यातल्या माशांना नको. बागेसाठी विकतात ते पीट (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा चुरा) नको, त्यात खत मिसळलेलं असू शकतं. समुद्राची वाळू मीठ आणि शिंपल्यांचा चुरा घेऊन येते. साबणाच्या बादलीत कधीतरी राहिलेली कुठलीही सच्छिद्र वस्तू कितीही धुतली तरी नको, साबण आत मुरतो तो निघत नाही. आणि रंगीत वस्तूंबाबत एकच नियम, ओल्या पांढऱ्या फडक्याने जोरात घासा, फडक्याला रंग लागला तर विषय संपला.

पायरी ४: बादलीची परीक्षा

यालाच खरा वेळ द्या. दोन दिवस लागतात, मासे अजून आणलेले नसतात त्यामुळे घाई कसलीच नाही.

फक्त टँकसाठी ठेवलेल्या दोन सारख्या बादल्या घ्या, साबण कधी न लागलेल्या. दोन्हींत सारखंच पाणी भरा. एकीत साध्या पाण्याने खळखळून धुतलेला नवीन मीडिया टाका, दुसरीत काहीच नाही, तुलनेसाठी. मीडिया पाण्याच्या मानाने जास्तच घ्या, टँकमध्ये असणार त्याच्या कितीतरी पट दाट, म्हणजे काही सुटत असेल तर ते लपणार नाही. दोन्ही बादल्यांचा पीएच आणि जमलं तर कडकपणा मोजून लिहून ठेवा. झाकून ४८ तास तशाच.

दोन दिवसांनी आधी नाक वापरा, मग डोळे. रबरासारखा, रॉकेलसारखा, अत्तरासारखा कुठलाही वास आला तर नापास. लाईट तिरपा पाडून पृष्ठभाग बघा, तेलकट इंद्रधनुषी तवंग दिसतो का. पाणी पांढऱ्या कपात घेऊन रंग बघा. मग ते पाणी अर्धी बरणी भरून झाकण लावून दहा-पंधरा वेळा जोरात हलवा आणि तसंच साध्या बादलीचं पाणी दुसऱ्या बरणीत. साध्या पाण्याचे बुडबुडे काही सेकंदात फुटतात. मीडियाच्या पाण्यावर फेस टिकून राहिला तर साबणासारखं काहीतरी सुटतंय. माझ्या त्या स्पंजची ही परीक्षा आधी घेतली असती तर दहा सेकंदात कळलं असतं.

मग परत पीएच आणि कडकपणा. साध्या बादलीत पण पीएच थोडा हलतो कारण नळाच्या पाण्यातला वायू उडून जातो, म्हणून दुसरी बादली लागते, फरक त्या दोघींमधला बघायचा. मीडियाच्या बादलीत कडकपणा चढलेला दिसला तर त्यात चुना आहे. माझ्याकडे एकदा लाव्हा रॉकची एक पिशवी आली, दिसायला एकदम झकास, बादलीत दोन दिवसांत पीएच ७.२ वरून ७.९ वर गेला आणि साध्या बादलीत ७.३. सगळे दगड टेबलावर पसरून एकेक बघितला तर मधेच पाच-सहा फिकट राखाडी तुकडे मिसळलेले होते, त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकल्यावर बारीक बुडबुडे आले. तेवढे काढले, बाकीचे परत दोन दिवस ठेवले, पास झाले. व्हिनेगरची ही युक्ती कोरड्या दगडावर, आधी खिळ्याने ओरखडा काढून करा आणि कान जवळ नेऊन ऐका, बारीक चुरचुर ऐकू येते. व्हिनेगर सौम्य असतं त्यामुळे चुना थोडा असेल तर ते गप्प राहू शकतं, म्हणून शेवटचा शब्द बादलीचाच.

पहिल्या खेपेला नापास झालं तर धूळ असू शकते, धुऊन एकदा परत संधी द्या. वास किंवा फेसावर नापास झालेल्याला मात्र दुसरी संधी नाही.

पायरी ५: फिल्टरमध्ये रचा

पाणी ज्या बाजूने शिरतं तिथून सुरू करा, आधी जाड स्पंज, मग बारीक स्पंज किंवा वूलचा पातळ थर, मग बायो मीडिया, आणि कार्बन किंवा झिओलाइट लागत असेल तर सगळ्यात शेवटी. गाळ आधी अडला की बायो मीडिया बुजत नाही. कॅनिस्टरमध्ये खालून वर जात असेल तर जाड स्पंज तळाला जाईल, बरेच जण इथे उलटं करतात. दाबून कोंबू नका, पाणी सगळीकडून गेलं पाहिजे, कडेने वाट सापडली तर पाणी मीडियाला शिवतच नाही.

पायरी ६: बॅक्टेरिया बसू द्या

नवीन मीडिया कितीही चांगला असला तरी तो रिकामं घर आहे. त्यात बॅक्टेरिया यायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, याला सायकलिंग म्हणतात. मासे न टाकता फिल्टर चालू ठेवून थोडा ॲमोनिया किंवा चिमूटभर खाद्य टाकत राहायचं आणि टेस्ट किटने बघायचं. आधी ॲमोनिया चढतो, मग नायट्राइट, मग दोन्ही शून्यावर येतात आणि नायट्रेट दिसायला लागतं. ॲमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्याशिवाय मासे आणू नका, थोडे का होईना आणूया असं मनात येतंच, थांबा.

हे लवकर करायचा एकच खात्रीचा मार्ग, ओळखीच्या कुणाच्या चालत्या, निरोगी टँकमधला स्पंजाचा तुकडा आणायचा. तो त्याच टँकच्या पाण्यात ओलाच आणा, कोरडा पडू देऊ नका, काही तासांत फिल्टरमध्ये गेला पाहिजे. आणि त्या टँकमध्ये गेल्या दीड-दोन महिन्यांत कुठलाही आजार नव्हता हे तोंड उघडून विचारा, कारण स्पंजासोबत आजाराचे जंतू आणि गोगलगायींची अंडी पण येतात.

पायरी ७: धुणं, बदलणं आणि लाईट गेल्यावर

मीडिया नळाखाली धुऊ नका, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन बॅक्टेरिया मारण्यासाठीच असतं. पाणी बदलताना काढलेलं टँकचंच पाणी बादलीत घ्या आणि त्यात स्पंज चार-पाच वेळा पिळा. तपकिरी गाळ निघाला, पाणी सहज आरपार जायला लागलं की झालं, पांढरास्वच्छ करायचा नाही. बायो मीडिया नुसता हलकेच हलवून काढा. सगळा मीडिया एकाच दिवशी धुऊ नका, अर्धा आज, अर्धा दोन आठवड्यांनी. टँकमध्ये नवीन पाणी भरताना पण क्लोरीन काढायचं औषध घाला, रात्रभर उघडं ठेवून साधं क्लोरीन उडतं पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन असतं, ते उडत नाही.

काही फिल्टरमध्ये तयार कार्ट्रिज असतात आणि दर महिन्याला नवीन घाला असं त्यावर लिहिलेलं असतं. तसं केलं तर दर महिन्याला बॅक्टेरियाची वस्ती कचऱ्यात जाते आणि टँक परत शून्यापासून सुरू. त्या जागी मापाचा स्पंज कापून बसवा, आतला कार्बन लागतच नाही. जुना मीडिया खरंच झिजला असेल तर नवीन त्याच्या शेजारी महिना-दीड महिना एकत्र चालवा आणि मगच जुना काढा, त्यानंतरचे दोन आठवडे एक दिवसाआड ॲमोनिया मोजा.

लाईट जास्त वेळ गेली तर बंद कॅनिस्टरच्या आत ऑक्सिजन काही तासांत संपतो, बॅक्टेरिया मरायला लागतात आणि आतलं पाणी सडकं होतं. तेव्हा लाईट आल्यावर फिल्टर तसाच चालू करायचा नाही. आधी उघडून वास घ्या, सडक्या अंड्यासारखा असेल तर आतलं पाणी फेकून मीडिया टँकच्या पाण्यात हलवून घ्या आणि मगच जोडा. लाईट लवकर येणार नाही असं दिसलं तर मीडिया फिल्टरमधून काढून जाळीच्या पिशवीत सरळ टँकमध्ये सोडा, बॅटरीवरचा हवेचा पंप असेल तर त्याचा एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) त्या पिशवीच्या खाली ठेवा, म्हणजे मासे आणि बॅक्टेरिया दोघांना एकाच पंपावर हवा मिळत राहते.